न्हाणीघरातील रंगीत फिल्म

(भिलाई येथे मराठी वाचकांपुढे केलेल्या भाषणाचा पाठ)



अनुवादकाने भाषण करावे असा आपल्याकडे प्रघात नाही. पुस्तकाच्या आतल्या पानावर त्याचे नाव बारीक अक्षरांत असले म्हणजे पुष्कळ झाले. तरीही आपण आग्रहाने बोलावलेत. तेव्हा छायाचित्रणावरील एका पुस्तकाचा अनुवाद करीत असताना मला जे करावे लागले, त्याची हकीकत सांगते.

त्या पुस्तकात रंगीत फिल्म घरी धुण्याची कृती होती. ‘रोल धुवून आणला’ असे आपण सहज म्हणत आलो. परंतु परिभाषेत शिरले की पंचाईत होते. फिल्मवरील प्रकाशसंवेदी थराला ‘पायस’ म्हणावे, तर वाचकाला खीर आठवते. ‘विकासक’ हा शब्द तर इमारती बांधणाऱ्यांनी केव्हाच नेला आहे. एके ठिकाणी मी ‘द्रावण ढवळावे’ असे लिहून मोकळी झाले होते. वस्तुतः तेथे ढवळण्याचे कामच नसते. बंद डबा हातात धरून उलटासुलटा करायचा असतो. आपण जे कधी केलेले नाही ते आपण लिहीत आहोत, ही जाणीव मला त्या वाक्यापाशी झाली.

आता खरे कारण. बाबा येथल्या पोलाद कारखान्यात होते. त्यांचा कॅमेरा आईच्या कपाटात होता, आणि त्यात १९९९ साली भरलेला छत्तीस चित्रांचा रंगीत रोल तसाच होता. आकडा अठरावर थांबलेला. छत्तीसगड राज्य झाले त्या वर्षी, २००० साली, आजी गेली आणि कॅमेरा आत गेला तो गेलाच. पुढे बाबाही गेले. आई म्हणे, ‘‘अगं, त्यात सासूबाई आहेत. क्वार्टरच्या अंगणात बसलेल्या.’’ आजीचे रंगीत छायाचित्र आमच्या घरात एकही नाही.

धाकट्या भावाचे म्हणणे, ‘‘ताई, हा रोल मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठव, हातचा घालवू नकोस.’’ त्याचे चुकले असे मी आजही म्हणणार नाही. पण टपालात तो हरवला तर, ही भीती मला अधिक वाटली. आणि खोटे कशाला बोलू, अनुवादाचा मोहही होताच.

घरी फिल्म धुण्यात आपल्याकडे नवल नाही. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची, म्हणजे १९१३ च्या चित्रपटाची फिल्म दादरच्या राहत्या घरीच धुतली जाई, आणि सरस्वतीबाई त्या कामात वाकबगार होत्या. रंगाची गोष्ट मात्र निराळी. ‘प्रभात’ने १९३३ साली ‘सैरंध्री’ रंगीत केला, त्याच्या प्रती काढण्यासाठी शांतारामबापूंना जर्मनी गाठावी लागली, आणि एवढे करूनही रंग मनासारखे उतरले नाहीत.

रंग उतरतो कसा, ते थोडक्यात सांगते. फिल्मवर मुख्यतः तीन थर असतात. एक निळ्या, एक हिरव्या, एक तांबड्या प्रकाशाला ओळखणारा. विकासकात पडल्यावर प्रकाश लागलेल्या कणांची चांदी बनते, आणि त्या क्रियेत खर्ची पडलेला विकासक थरातील संयुगांशी जुळून रंगद्रव्य तयार करतो: निळ्याच्या जागी पिवळे, हिरव्याच्या जागी किरमिजी, तांबड्याच्या जागी मोरपंखी. मग दुसऱ्या द्रावणाने सगळी चांदी काढून टाकायची. उरतो तो नुसता रंग, आणि तोही उलटा. १९७२ साली कोडॅकने आणलेली ‘सी-४१’ ही पद्धत आजही चालते. विकासकाचे तापमान ३७.८ अंश सेल्सियस, वेळ सव्वातीन मिनिटे. ३७.८ म्हणजे फॅरनहाइटचे बरोबर शंभर. आपण ज्याला अंगात कणकण म्हणतो, तेवढाच ताप.

म्हणून मी घरातला तापाचा थर्मामीटर वापरला. ही चूक. त्याचा पारा चढतो, पण झटकल्यावाचून उतरत नाही. पाणी निवत चालले तरी तो शंभरच दाखवतो. दुसरा आणावा लागला.

सुदैवाने आधी एका नव्या रोलवर हात बसवायचे ठरवले होते. तो मे महिना होता. भिलाईच्या मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी तापवावे लागत नाही, निववावे लागते. मी माठातले तांब्या तांब्या घालीत होते. रंगीत फिल्मला लाल दिवाही चालत नाही. दाराच्या फटीत ओला टॉवेल खोचून, मिट्ट काळोखात ती रिळावर चढवायची. घामेजलेल्या बोटांनी ती अडकली, दोन वेढे एकमेकांना चिकटले, आणि तेवढ्या भागाला द्रावण लागलेच नाही. आठ चित्रांच्या जागी दुधाळ पट्टे निघाले.

बाबांचा रोल मी डिसेंबरपर्यंत ठेवला. तोवर उरलेली अठरा चित्रे काढली. जुन्या फिल्मला प्रकाश जास्त द्यावा लागतो, म्हणून मी चौपट दिला. बाबांनी दिला तेवढ्यात मात्र भर घालणे शक्य नव्हते. सेक्टरमधल्या आमच्या जुन्या क्वार्टरचे फाटक काढले, सिव्हिक सेंटर काढले, मैत्रीबाग काढली. कारखान्यात कॅमेरा नेण्यास परवानगी लागते. रात्री त्या दिशेला तांबूस झालेले आकाश मात्र रस्त्यावरून टिपले.

डिसेंबरात हात कोरडे होते. रिळावर फिल्म पहिल्या खेपेस चढली. डबा कोमट पाण्याच्या बादलीत, बादलीशेजारी गरम पाण्याचे पातेले, आणि दाराबाहेर आई मोठ्याने सेकंद मोजीत बसलेली. एकशे पंच्याण्णव म्हणाली तसे मी विकासक ओतून घेतले. पुढच्या द्रावणाला इतकी घाई नसते, पण आई मोजतच राहिली.

माझी अठरा चित्रे नीट आली, थोडी भुरकट. बाबांची बहुतेक धुक्यासारखी. पंचवीस उन्हाळे कपाटात काढल्यावर दुसरे काय होणार? नऊ चित्रांत काहीच ओळखू येत नाही. सहांत माणसे आहेत एवढे कळते. अकराव्यात आजी आहे. खुर्चीवर, मांडीवर सूप, मान किंचित वळलेली. चेहऱ्यावर दाणे दाणे आले आहेत, पण आजीच आहे.

ते चित्र संगणकावर उलटून सुलटे केले तेव्हा साडी मातकट तपकिरी दिसत होती. आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, ‘‘ही हिरवी होती. काठ जांभळे. लुगडी सोडून साडी नेसायला लागल्या, तेव्हाची पहिली.’’ रंग दुरुस्त करून पाहू का, असे भावाने विचारले. आईने नको म्हटले आणि ओळखू न येणाऱ्या नऊ चित्रांकडे वळली. त्यांतल्या तिसऱ्यात क्वार्टरचा कडुनिंब आहे असे तिचे म्हणणे आहे. मला अजून तो दिसलेला नाही.

अनुवादातले ‘ढवळावे’ मी खोडले आहे. तेथे आता ‘डबा दर अर्ध्या मिनिटाने अलगद उलटासुलटा करावा’ असे आहे.