कुलूप आपले, किल्लीही आपली

(कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरात केलेले भाषण)



लिनक्स, सर्व्हर हे शब्द निघाले की आपल्यातल्या अनेकजणी म्हणतात, "ते आमच्याकडे एक भाऊ बघतात." मला आज त्याबद्दलच बोलायचे आहे. संस्थेच्या बँकखात्यावर कोणाची सही चालते, कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हे आपण बैठकीत ठरवतो. मग वेबसाइटचे का ठरवत नाही?

सर्व्हर म्हणजे चोवीस तास चालू असलेला एक संगणक. जगातून कोणीही त्याच्याकडे एखादे पान मागते आणि तो ते देतो. त्यावर बहुधा लिनक्स ही प्रणाली असते. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने ती सुरू केली आणि पुढे हजारोंनी मिळून वाढवली. ती फुकट मिळते, उघडून तपासता येते. पण सर्वांचे आहे म्हणून आपोआप सांभाळले जाते असे नाही, हे संघटना चालवणाऱ्या आपल्याला वेगळे सांगायला नको.

हल्ले मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एकात दार अडवतात. खोट्या विनंत्यांचा एवढा पूर सोडतात की खरी गरज असलेल्या बाईला पान दिसतच नाही. दुसऱ्यात आत शिरतात, कागद चोरतात किंवा बदलतात. स्त्रियांच्या संस्थांवर हे होते का? होते. जुलै २०१५ मध्ये अमेरिकेतल्या प्लॅन्ड पॅरेंटहुड या गर्भपात व प्रजनन आरोग्याची सेवा देणाऱ्या संस्थेच्या संगणकात शिरल्याचा दावा काहीजणांनी केला. पाठोपाठ अशाच पुरामुळे तिची वेबसाइटही बंद पडली. ज्यांना आपले बोलणे नको असते, त्यांना सभा उधळायचे हे नवे साधन मिळाले आहे.

आधी दार अडवण्याविषयी. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीला असेच काही दिवस जेरीस आणले होते. जोडणीची सुरुवात करायची आणि ती पूर्णच करायची नाही, अशी ती युक्ती. सर्व्हर ताटकळत राहतो आणि त्याच्या जागा भरून जातात. यावर लिनक्समध्ये 'सिन कुकीज' नावाचा उपाय आहे. तो चालू आहे ना, एवढे पाहून घ्यायचे. दुसरी युक्ती म्हणजे जोडणी करून अगदी रेंगाळत बोलत राहणे. त्यासाठी अपाचे, एंजिनएक्स या वेबसर्व्हरांत वेळेची मुदत घालता येते. एका पत्त्यावरून किती विनंत्या घ्यायच्या, हेही ठरवता येते.

पण पूर मोठा असला तर आपल्या संगणकावरचे कोणतेही उपाय पुरत नाहीत, कारण पाणी आपल्या दारापर्यंत येण्याआधीच गल्ली भरते. सप्टेंबर २०१६ मध्ये ब्रायन क्रेब्स या पत्रकाराच्या साइटवर सेकंदाला सुमारे ६२० गिगाबिटचा मारा झाला. तो कोठून आला? लोकांच्या घरादुकानांतल्या कॅमेऱ्यांतून आणि राउटरांतून. त्यांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते. म्हणून आपल्या कार्यालयातल्या कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलणे हेसुद्धा दुसऱ्या एखाद्या संस्थेला वाचवण्याचे काम आहे.

मोठ्या पुरासाठी पुढे ढाल लागते. क्लाउडफ्लेअरचा प्रोजेक्ट गॅलिलिओ, गूगलचा प्रोजेक्ट शील्ड, कॅनडातल्या मंडळींचे डिफ्लेक्ट अशा सेवा मानवी हक्कांचे काम करणाऱ्या संस्थांसाठी आहेत. अर्ज शांततेच्या काळात करावा, हल्ला सुरू झाल्यावर धावपळ करू नये. ढाल घेतल्यावर सर्व्हरचा मूळ आयपी पत्ता बदला आणि ढालीकडून आलेलीच वाहतूक आत घ्या. नाहीतर हल्लेखोर ढालीला वळसा घालून मागच्या दाराने येतो. आणखी एक लक्षात ठेवा. अशी ढाल बहुधा मधली वाहतूक उलगडून वाचू शकते. म्हणून बाईने आपली कहाणी लिहावी असा फॉर्म त्या वाटेवर नको.

आता आत शिरण्याविषयी. मला याचीच अधिक धास्ती वाटते. वेबसाइट दोन दिवस बंद पडली तर हेल्पलाइनचा नंबर पत्रकावर आहे, भिंतीवर आहे. पण घर सोडून आलेल्या बाईचा नवा पत्ता नवऱ्याच्या हाती लागला तर तो परत घेता येत नाही. बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख प्रसिद्ध करायला कायद्याने मनाई आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेच्या २२८-अ कलमाने, आता भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमाने. ती ओळख आपण उघड्या रस्त्यावरच्या संगणकात का ठेवावी?

म्हणून पहिला नियम: वेबसाइटच्या सर्व्हरवर केसची माहिती ठेवायचीच नाही. जे तिथे नाही ते तिथून चोरीला जात नाही. शक्य असेल तर पानेही साधी, स्थिर ठेवा. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, म्हणजे फोडायला जागा कमी आणि पूर सोसण्याची ताकद जास्त.

दुसरा नियम: दुरुस्त्या ताबडतोब. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल या प्रणालीतली एक मोठी फट जाहीर झाली. ज्यांनी सात तासांत ती बुजवली नाही त्यांनी आपली साइट फोडली गेली असेच समजावे, असे पुढे ड्रुपलच्याच सुरक्षा गटाने सांगितले. लिनक्सच्या सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप बसतील अशी सोय करता येते, ती करा. वर्डप्रेस, ड्रुपल आणि त्यांची प्लगिन यांच्याकडे मात्र वेगळे लक्ष द्यावे लागते.

तिसरा नियम: किल्ल्या मोजून द्या. सर्व्हरवर दुरून काम करण्यासाठी एसएसएच वापरतात. त्यात पासवर्ड बंद करून किल्ली-फाइलनेच प्रवेश ठेवा. 'रूट' या सर्वाधिकारी खात्याने थेट आत येणे बंद करा. प्रत्येकीचे खाते वेगळे हवे, आणि कोणी काम सोडले तर ते खाते त्याच दिवशी बंद. फायरवॉलमध्ये लागतील तेवढीच दारे उघडी ठेवा. फेल-टू-बॅनसारखा पहारेकरी पुन्हा पुन्हा कडी वाजवणाऱ्या पत्त्याला काही काळ बाहेर ठेवतो.

चौथा नियम: बॅकअप दुसऱ्या जागी, आणि तो परत बसवून पाहिलेला. न तपासलेल्या बॅकअपवर विसंबू नका.

आणि तरीही कोणी आत शिरलेच तर? घाईने सगळे पुसू नका. सर्व्हर जाळ्यापासून तोडा, नोंदी आणि डिस्कची प्रत जपून ठेवा, तो पुरावा आहे. मग नव्याने प्रणाली बसवा आणि सगळे पासवर्ड, सगळ्या किल्ल्या बदला. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत अशा घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायला सांगितले आहे. कोणाची माहिती गेली असेल तर त्या बाईला सर्वांत आधी सांगा. संस्थेचे नाव खराब होईल म्हणून गप्प बसणे आपल्याला शोभणार नाही. अशाच गप्प बसण्याविरुद्ध तर आपण इतकी वर्षे बोलतो आहोत.

हे सगळे एका दिवसात येणार नाही, आणि प्रत्येकीला यायलाही नको. पण प्रत्येक संस्थेत निदान दोघींना ते आले पाहिजे. 'भाऊ' मदत करतील, जरूर करू देत. पण ते गावाला गेले, रागावले किंवा नोकरीनिमित्त परदेशी गेले तर आपले दार आपल्याला उघडता आले पाहिजे.

तेव्हा पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विषयपत्रिकेवर घ्या. आपल्या वेबसाइटचे नाव कोणाच्या नावावर नोंदले आहे? सर्व्हरमध्ये आज कोण कोण शिरू शकते? बॅकअप शेवटचा कधी परत बसवून पाहिला? उत्तरे इतिवृत्तात लिहा. ज्या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही, तिथून कामाला सुरुवात करा.