ऊतींचे रंग आणि निदानाचे सत्य



कै. गुरुवर्यांच्या स्मृतीस वंदन करून मी विषयास प्रारंभ करतो. वारासिवनीच्या हातमागाचा वारसा लाभलेल्या या बालाघाट जिल्ह्यात रंगाविषयी बोलणे औचित्याचेच ठरेल. वनस्पतिज रंग सुतावर पक्का बसावा म्हणून रंगारी तुरटी वापरतो. ऊतिविज्ञानाच्या प्रयोगशाळेतही तोच न्याय आहे. मध्य अमेरिकेतील एका वृक्षाच्या गाभ्यापासून मिळणारे हिमॅटॉक्सिलिन तुरटीच्या साह्याने पेशीकेंद्रक निळे करते. इओसिन भोवतालच्या भागास गुलाबी छटा देते.

परंतु रंग ही अखेरची पायरी होय. तत्पूर्वी ऊतीचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये स्थिर केला जातो. चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलने त्यातील पाणी निघते. झायलीननंतर वितळलेले मेण आत शिरते आणि मग चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप घेता येतात. १९४१ साली सुरू झालेल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी प्रयोगशाळांची धुरा वाहिली. कर्करोग व कुष्ठरोग यांवरील त्यांच्या संशोधनाचा पायाही असेच काप होते.

एकदा माझ्याकडे स्तनातील गाठीचा तुकडा साध्या पाण्यात आला. पेशी नासल्या होत्या; कोणताही रंग त्यांना बोलते करू शकला नाही. त्या माउलीला पुन्हा शस्त्रक्रियेस सामोरे जावे लागले.

म्हणून ग्रामीण रुग्णालयांत सेवा करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे : तुकडा काढताक्षणीच त्याच्या किमान दहापट फॉर्मेलिनमध्ये ठेवा. निदानाचा आरंभ सूक्ष्मदर्शकापाशी नव्हे, त्या बाटलीपाशी होतो.