सिस्टर, तुम्ही डॉक्टर का होता?
(ठाकुर्ली येथील महिला मेळाव्यात केलेलं भाषण)

मैत्रिणींनो, ठाकुर्लीच्या पुढचं स्टेशन कल्याण. तिथल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या, तेव्हा बाईनं डॉक्टर व्हावं का, असं लोक विचारत. मला विचारतात, नर्सनं डॉक्टर कशाला व्हावं?

मी बी.एस्सी. नर्सिंग केलं, तीन वर्षं वॉर्डात काढली. आता नोकरी सोडून 'नीट'चा अभ्यास करते. सासूबाई म्हणतात, "हातातला पगार सोडलास!" सोबतिणी विचारतात, "नर्स असणं कमी वाटलं का गं?"

कमी नाही वाटलं. पण एका रात्री बाळंतिणीचा रक्तस्राव वाढलेला मी सांगितला, तर उत्तर आलं, "सिस्टर, तुम्ही तुमचं काम बघा." बाई वाचली, पण फार उशिरा धावपळ झाली. तेव्हा ठरवलं.

नर्सिंगची चार वर्षं एमबीबीएसला मोजत नाहीत. पुन्हा पहिल्यापासून साडेचार वर्षं, वर एक वर्ष इंटर्नशिप. 'नीट'ची वरची वयोमर्यादा २०२२ साली उठली, म्हणून मी बसू तरी शकते. आर्ट्समधून जनरल नर्सिंग केलेल्या मुलीला आधी बारावीचे सायन्सचे विषय पास व्हावे लागतात.

लंडनच्या सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या. १९५७ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर त्या डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली त्यांनी मरणपंथाला लागलेल्यांसाठी हॉस्पिस उघडलं.

मी डॉक्टर होईन किंवा नाही होणार. पण सिस्टरचं म्हणणं ऐकून घ्यायला तिनं डॉक्टर व्हावं लागू नये. ही मागणी मात्र आपण सगळ्यांनी मिळून करायची.