झऱ्यांच्या नावाची वस्ती

श्रोतेहो, एखाद्या जागेचा इतिहास शोधायचा, तर आधी तिचं नाव नीट ऐकावं. पणजी शहराच्या पूर्वेला, आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी फोंतेन्हास नावाची जुनी वस्ती आहे. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ 'लहान झरे'. टेकडीच्या कुशीतून झिरपणारं गोडं पाणी वर, आणि ओरें खाडीचं खारं पाणी खाली; मधल्या चिंचोळ्या पट्टीत ही वस्ती बसली आहे. शेजारच्या भागाला लोक आजही 'मळा' म्हणतात.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे माडांची बागायत होती. आंतोनियु जुआंव द सिकैरा हे तिचे मालक. मोझांबिकमध्ये पैसा मिळवून परतले, म्हणून लोकांनी त्यांना 'मोस्मीकार' म्हणायला सुरुवात केली.

मग बागेची वस्ती कशी झाली? जुनं गोवें शहर रोगराईनं ओस पडत गेलं. १७५९ साली व्हाइसरॉय पणजीत राहायला आले. पुढे दों मानुएल द पुर्तुगाल ई काश्त्रु यांच्या कारकिर्दीत दलदली बुजवून रस्ते आखले गेले आणि १८४३ साली पणजी रीतसर राजधानी झाली. कचेऱ्या आल्या, त्यांच्यामागे नोकरदार आले, आणि नोकरदारांना बिऱ्हाडासाठी घरं हवी होतीच!

ही घरं जांभ्या चिऱ्यांची, वर कौलं, गल्लीकडे सज्जा. रंग निळा, पिवळा, नाही तर तांबडा. पांढरा रंग चर्चसाठी राखलेला. कोकणपट्टीचा पाऊस भिंतीवर शेवाळ चढवतो, म्हणून पावसाळा सरला की रंगाचा हात फिरवायचा, अशी इथली रीत.

वस्तीत संत सेबास्तियनचं छोटं चॅपेल आहे. तिथला क्रूस अवश्य पाहावा. एरवी येशूची मान झुकलेली आणि डोळे मिटलेले असतात. इथे मान ताठ आहे, डोळे उघडे आहेत. हा क्रूस मूळचा जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या वाड्यातला. १८१२ साली ते न्यायासन बंद झालं. क्रूस पणजीच्या राजवाड्यात आला आणि १९१८ साली या चॅपेलमध्ये. ज्या डोळ्यांसमोर माणसं भयानं उभी राहिली, त्यांच्यापुढे आता शेजारीपाजारी प्रार्थना करतात.

आज गल्लीत छायाचित्रं काढणाऱ्यांची गर्दी असते. कुणी परक्याच्या पायरीवर बसतो, कुणी खिडकीत डोकावतो. आतल्या माणसांना त्याचा जाच होतो. ती माणसं कंटाळून गेली, मुलं दूरदेशी राहिली, तर घरांची विश्रामगृहं होतील. रंग तेव्हाही लागेल. पण संध्याकाळी सज्जातून शेजाऱ्याला हाक कोण मारील? वसणारी माणसं आहेत, तोवरच ती वस्ती.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. आपल्या गावातही एखादी मळेवाडी, एखादी झरेवाडी असेल. मुलांना घेऊन तिथे जा. नाव कशावरून पडलं, हे तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा, आणि वहीत उतरवून घ्या. हे काम पुढल्या वर्षावर ढकलू नका; सांगणारी माणसं आज आहेत.