झाकणावर नसलेली खूण

ज्यांचे डोळे माझ्याकडे असले तरी कान विंगेतल्या घुंगरांकडे लागलेत अशा माझ्या मित्रमैत्रिणींनो,

स्नेहसंमेलनातले शेलापागोटे झाले, बक्षिसं व्हायची आहेत, नाच व्हायचे आहेत आणि मधेच प्रमुख पाहुण्या उभ्या राहिल्यात. तुमचं दुःख मला कळतं. म्हणून फार वेळ घेत नाही.

पत्रिकेवर माझ्या नावापुढे विषय छापलाय, ‘यशाची गुरुकिल्ली’. ती किल्ली काही माझ्याकडे नाही. बँकेत असताना तिजोरीची किल्ली होती, तीही अर्धीच. दुसरी किल्ली दुसऱ्याकडे असायची आणि दोन्ही लागल्याशिवाय तिजोरी उघडत नसे. तेव्हा दोन किल्ल्या लागणाऱ्या गोष्टींवर बोलते, नोकरी आणि संसार. यश तुमच्यातल्या किती जणांना मिळेल, सांगता येत नाही. नोकरीतली कटकट आणि संसारातली कुरकुर मात्र सगळ्यांना मिळणार. त्याला मेरिट लिस्ट लागत नाही.

माझं माहेर घोडेगावच्या पश्चिमेला, डोंगराकडे. वडील मुंबईत डबे वाहायचे. आपल्या आंबेगाव, जुन्नर, खेड, मावळ, अकोले या पट्ट्याला हे नवीन नाही. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये मुंबईत ही डब्यांची व्यवस्था उभी केली, तेव्हापासून आपली किती घरं त्या डब्यांवर जगली. २००३ मध्ये इंग्लंडचे तेव्हाचे युवराज चार्ल्स चर्चगेटला डबेवाल्यांना भेटून गेले आणि मग मोठमोठ्या कॉलेजांत व्यवस्थापन शिकवताना आपल्या माणसांचं उदाहरण द्यायला लागले. गावाकडच्या भातखाचरात ज्यांना कोणी विचारत नव्हतं, त्यांना वर्गात विचारायला लागले.

डब्याच्या झाकणावर रंगाने खुणा केलेल्या असतात. डबा कोणत्या भागातून उचलला, कोणत्या स्टेशनात उतरवायचा, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर. एवढ्याशा झाकणावर सगळं मावतं आणि तीन-चार हात बदलून डबा बिनचूक पोचतो. वडील सुट्टीवर आले की अंगणातल्या मातीत काडीने त्या खुणा काढून आम्हा पोरांना समजावून सांगायचे. एकदा आई चुलीपुढूनच म्हणाली, “समदं लिवलंय जणू. पण डबा केला कुणी, ते कुठं लिवलंय?”

वडील हसले. आईही हसली. पण तिने विचारलं ते काही हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्यांच्या बायकांनी पहाटे उठून केलेलं जेवण वेळेवर पोचवणारा हा माणूस स्वतः मात्र गावकऱ्यांसोबत एका खोलीत राहायचा आणि मिळेल ते खायचा. बायकोच्या हातची भाकरी यात्रेला. चैत्रात आपल्याकडच्या यात्रा लागल्या की सगळे डबेवाले एकदम गावी येतात आणि मुंबईतल्या साहेबांना तेवढे दिवस वडापाव खाऊन काढावे लागतात. इकडे वर्षभर आवणी, बेणणी, जनावरं, सासू, आम्ही पोरं, सगळं एकट्या आईवर. महिन्याला मनिऑर्डर यायची. तिच्या कुपनावर दोन-चार ओळींची जागा. त्यात वडील लिहायचे, ‘बैलाचा पाय कसा आहे कळव. तुम्ही सर्व खुशाल असालच.’ आधी बैल, मग आई! आईने हे त्यांना आयुष्यभर ऐकवलं. बैल गेला, त्यानंतरही ऐकवलं.

मी शिकले, बँकेत लागले, नारायणगावजवळ सासर मिळालं. आमचे हे शेतकरी. माझी कटकट तुम्हाला ठाऊक असलेलीच. सकाळी स्वयंपाक, दोन डबे, धावत एसटी. शाखेत पोचावं तर सर्व्हर बसलेला, पासबुकाचं मशीन अडकलेलं, आणि नेमका ऊसबिल जमा झाल्याचा दिवस. खिडकीपुढची आजी स्लिप पुढे करून म्हणणार, “बाई, तेवढं भर गं, चष्मा घरी राह्यला.” चष्मा कोणाचाच सोबत नसायचा.

पण या नोकरीत एक सुख होतं, संध्याकाळची कॅश. एखाद्या दिवशी पन्नास रुपये कमी भरायचे आणि सगळी शाखा घड्याळाकडे बघत थांबायची. पुन्हा बंडलं सोडा, पुन्हा मोजा. शेवटी ती नोट सापडायची कोऱ्या करकरीत नोटेला चिकटलेली. त्यानंतरच्या चहाची चव मी अजून विसरले नाही. पन्नास रुपयांचा हिशेब लागल्याशिवाय तिथे दिवस मिटत नसे.

घरी हिशेब वेगळा. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात २० किलोच्या टोमॅटोच्या क्रेटने २,००० रुपयांचा भाव ओलांडला, तेव्हा आमच्या ह्यांचा आवाज चढला होता. माझ्या सल्ल्याची गरज संपली होती. पावसाळा सरता सरता भाव असा कोसळला की लोकांनी माल रस्त्याकडेला ओतला. मग आवाज खाली आला. एकदा वैतागून म्हणाले, “तुझं बरंय, तुझा भाव पडत नाही.” मी म्हटलं, “अहो, चढत पण नाही.” त्या दिवसांत एवढंच काय ते हसलो आम्ही.

थ्री फेजची पाळी तुमच्या घरी पण पाठ असेल. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीत पाणी भरायला जायचं म्हणजे आपल्या भागात काय असतं, हे या मांडवात सांगायला नको. ऊस तिथे बिबट्या. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे, पण सगळेच काही तिथे राहायला जात नाहीत. हे फावडं घेऊन दारं धरायचे, मी बांधावर बॅटरी घेऊन उभी. मोबाईलवर भजन मोठ्याने लावलेलं, भक्तीपेक्षा भीतीने. उसाचं पान सळसळलं की बॅटरी तिकडे. मोटर बंद होईपर्यंत उभं राहायचं आणि सकाळी पुन्हा बँक.

एकदा दुसऱ्या दिवशी हे पारावर सांगत होते, “रात्री सगळं रान भिजवलं मी.” मी तिथूनच एसटीला चालले होते. संध्याकाळी घरी विचारलं, “बॅटरी काय खांबाला बांधली होती का?” गप्प बसले. त्यानंतर कोणी विचारलं तर सांगायला लागले, “आम्ही दोघांनी भिजवलं.” माझी गेलेली झोप काही परत आली नाही, पण राग गेला.

इतक्या वर्षांच्या नोकरीतून आणि संसारातून मला हेच एक कळलंय. माणूस कामाला कुरकुरत नाही. काम धरलंच गेलं नाही, की कुरकुरतो. शाखेत पण तेच. सुट्टी मिळाली नाही याचा राग दोन दिवसांत जायचा. रात्री आठपर्यंत थांबून काम उरकलं आणि दुसऱ्या दिवशी साहेबांनी दुसऱ्याचंच नाव घेतलं, तर तो राग निवृत्तीच्या निरोप समारंभापर्यंत टिकायचा.

नोंद ठेवणं ही तर जुन्नरची जुनी सवय. नाणेघाटात जा. सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा लेख तिथे दोन हजार वर्षांपासून आहे. कोणते यज्ञ केले, दक्षिणेत गायी किती, घोडे, हत्ती, कार्षापण किती, आकड्यांसकट कोरून ठेवलंय. जुन्नरच्या लेण्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांची, बांबूकाम करणाऱ्यांची, कासारांची दानं कोरलेली आहेत. पण त्या यज्ञांना धान्य निवडलं कोणी, दळलं कोणी, हे मात्र कोणत्याच दगडावर नाही. माझ्या आईचा प्रश्न तिथेही लागू पडतो.

या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न आपल्या शेजारीच झाला. चाकणजवळ आंबेठाणला शेती करणाऱ्या शरद जोशींनी १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेतर्फे ‘लक्ष्मी मुक्ती’चं आवाहन केलं, की जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करा, ती जन्मभर राबलीय त्याची तेवढी तरी जाण ठेवा. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं. नोंद हळूहळू होतेय. सगळीच काही सरकारने करायची नाही.

मुलांनो, लग्नानंतर “दिवसभर घरीच तर असतेस” हे वाक्य तोंडाशी आलं, की गिळा. मुलींनो, “तुम्हाला काय, तुम्ही निघालात बाहेर” हेही तितकंच खोटं आहे. बाहेर खेडचा घाट आहे, चाकणचं ट्रॅफिक आहे, पडलेला भाव आहे. म्हणून एकमेकांचं ऐका. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातून कुठून कुठून आलेल्या रेडिओ लहरी टिपतात. त्याच तालुक्यात आपल्या घरांत स्वयंपाकघरातून मारलेली हाक ओसरीपर्यंत पोचत नाही, हे काही बरं नाही.

शेवटी एक काम देते आणि थांबते. सातबारा आता मोबाईलवर दिसतो. नाच झाले, बक्षिसं झाली, की घरी जाऊन आपल्या रानाचा उतारा उघडा आणि त्यावर आईचं नाव शोधा. असेल तर वडिलांना शाबासकी द्या. नसेल तर त्यांना घेऊन तलाठ्याकडे जा आणि काय काय कागद लागतात ते विचारून या. वडील चिडतील. थोडं चिडू द्या, मग म्हणा, पाहुण्या बाईंनी सांगितलंय. शिव्या माझ्या नावावर लिहा, माझी हरकत नाही.

तुम्हा सगळ्यांना परीक्षेसाठी आणि पुढच्या कुरकुरीसाठी मनापासून शुभेच्छा. घुंगरांना आता आणखी थांबवत नाही.