हातावर पोट असलेला खेळ



आज मी गोल्फविषयी बोलणार आहे, आणि तेही जपानमधल्या. हे ऐकून काही जणांचा हात रेडिओच्या बटणाकडे गेला असेल. त्यांचंही चुकलं नाही. वर्तमानपत्राचं क्रीडापान उघडलं की आपली नजर आधी क्रिकेटवर जाते, मग कबड्डीवर. तळाच्या कोपऱ्यातली गोल्फची चार ओळींची बातमी वाचायची राहूनच जाते. हिरवळ, पांढरा हातमोजा, मागून पिशवी उचलून चालणारा माणूस. श्रीमंतांची करमणूक, आपला काय संबंध, असं म्हणून आपण पान उलटतो. मला मात्र या खेळातला एक शब्द फार ओळखीचा वाटतो. तो शब्द म्हणजे हंगाम.

मी पेण तालुक्यातल्या हमरापूरचा. आमच्याकडे हंगाम म्हटलं की भाताइतकीच गणपतीच्या कारखान्यांची आठवण होते. विसर्जन झालं की थोड्याच दिवसांत पुढच्या वर्षाचे साचे बाहेर निघतात. ओतकाम, घासकाम, रंगकाम आणि शेवटी डोळ्यांची आखणी. बरीच मजुरी नगावर असते, जितकं काम तितका पैसा. पावसाळ्यात हवा ओली असते, मूर्ती लवकर वाळत नाही. पण चतुर्थी कुणासाठी थांबत नाही, आणि त्या दिवसानंतर उरलेल्या मूर्तीला गिऱ्हाईक नसतं. तिच्यात अडकलेलं भांडवल वर्षभर तसंच पडून राहतं.

व्यावसायिक गोल्फपटूचं जगणं याच जातीचं आहे, असं सांगितलं तर पटेल का? जपानचीच पद्धत पाहा. तिथली व्यावसायिक स्पर्धांची मालिका १९७३ साली सुरू झाली. तिचा मुख्य हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपतो. स्पर्धा बहुतेक गुरुवार ते रविवार अशी चार दिवसांची असते. रोज अठरा होल खेळायचे. शुक्रवारी संध्याकाळी छत्तीस होलांचा हिशेब होतो आणि साधारण पहिले साठ-पासष्ट खेळाडू पुढे जातात. बाकीच्यांनी सामान आवरायचं. याला 'कट' म्हणतात. कट हुकलेल्या खेळाडूला सर्वसाधारणपणे बक्षिसाचा एक येनही मिळत नाही. प्रवास, हॉटेल, कॅडीची मजुरी हे सगळं मात्र त्याच्याच खिशातून जातं. त्याला क्रिकेटपटूसारखा संघ नाही, सामन्याचं ठरलेलं मानधन नाही. कमाईच्या यादीत वरच्या साठ-सत्तरांत नाव राहिलं तर पुढच्या वर्षी थेट प्रवेश. नाही तर बहुतेकांना पात्रता फेरीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. हातावर पोट म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

अशा एका हंगामाची गोष्ट आपल्या देशाशी जोडलेली आहे. तो हंगाम २००६ सालचा आणि खेळाडू चंडीगडचा जीव मिल्खा सिंग. धावपटू मिल्खा सिंग यांचा हा मुलगा. १९९३ साली तो व्यावसायिक झाला, आशियात काही स्पर्धा जिंकल्या, १९९८ साली युरोपच्या मालिकेत प्रवेश मिळवणारा पहिला भारतीय ठरला. पण १९९९ नंतर त्याचं जिंकणंच थांबलं. मनगटाच्या दुखापतीनं सतावलं. जवळजवळ सात वर्षं एकही विजेतेपद नाही. सात वर्षं गुरुवारी उभं राहायचं, कधी शुक्रवारी परत फिरायचं, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा उभं राहायचं. शेवटी एप्रिल २००६ मध्ये त्यानं बीजिंगला चायना ओपन जिंकली, आणि ऑक्टोबरात स्पेनमध्ये व्होल्वो मास्टर्स.

मग नोव्हेंबरात जपान. तिथल्या हंगामाचे हे अखेरचे आठवडे सगळ्यांत चुरशीचे असतात. मियाझाकीच्या डनलॉप फिनिक्स स्पर्धेत तेव्हाचा जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू टायगर वूड्स उतरला होता. आधीची दोन वर्षं ती स्पर्धा त्यानंच जिंकली होती. या वेळी बरोबरी झाली आणि जादा होलांत आयर्लंडच्या पॅड्रिग हॅरिंग्टननं त्याला हरवलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात कोचीला कॅसिओ वर्ल्ड ओपन झाली. हे कोची केरळातलं नव्हे, जपानच्या शिकोकू बेटावरचं, आपल्यासारखंच समुद्रकाठचं. ती स्पर्धा जीवनं जिंकली. आणि लगेच पुढच्या आठवड्यात, ३ डिसेंबरला, टोकियोच्या योमिउरी क्लबवर हंगामाचा शेवट करणारी निप्पॉन सीरीजही जिंकली. या स्पर्धेत फक्त तीसेक निवडक खेळाडू असतात. शेवटचा होल छोटा, पण फार अवघड. चार दिवसांचं कमावलेलं तिथे दोन फटक्यांत जाऊ शकतं. जीवचं गेलं नाही. २००८ साली त्यानं होक्काइदोला एक स्पर्धा आणि योमिउरीवर हीच निप्पॉन सीरीज पुन्हा जिंकली.

टोकियो हे नाव त्या घराला नवं नव्हतं. १९५८ च्या आशियाई स्पर्धांत याच शहरात वडिलांनी २०० आणि ४०० मीटरची सुवर्णपदकं जिंकली होती. मुलगा तिथे जिंकला तो अठ्ठेचाळीस वर्षांनी. वडिलांच्या शर्यती मिनिटाच्या आत संपायच्या. मुलाची शर्यत चार दिवस चालायची, आणि त्या चार दिवसांमागे सात वर्षं होती.

जपान हे नाव आमच्या कोकणी मुसलमान घरांतही जुनंच. जहाजावर नोकरी केलेले वडीलधारे कोबे, योकोहामा ही नावं अलिबाग-मुरूडसारखी सहज घेत. त्याच कोबेजवळच्या रोक्को डोंगरावर एका इंग्रज व्यापाऱ्यानं १९०३ साली जपानमधला पहिला गोल्फ क्लब काढला. आपल्याकडे हा खेळ त्याच्या कितीतरी आधी आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा. दोन्हीकडे खेळ आणला साहेबानं, दोन्हीकडे पिशव्या उचलल्या गावच्या पोरांनी. त्या पोरांपैकी एक इसाओ आओकी. शाळकरी वयात तो आबिको क्लबवर कॅडीचं काम करायचा. पुढे तो जपानचा थोर खेळाडू झाला. १९८३ साली हवाईत शेवटच्या होलवर त्यानं दुरून मारलेला चेंडू थेट खळग्यात गेला आणि अमेरिकेच्या मालिकेत जिंकणारा तो पहिला जपानी ठरला.

आपल्याकडे दिल्लीचा अली शेर हाही कॅडीगिरीतूनच वर आलेला. १९९१ साली त्यानं इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. १९९३ साली पुन्हा जिंकली. कलकत्त्याचा चौरसिया हा मैदानाची निगा राखणाऱ्या कामगाराचा मुलगा. त्यानं २००८ साली इंडियन मास्टर्स जिंकून युरोपच्या मालिकेत नाव मिळवलं. ज्यांच्या घरी रोजच्या कमाईवर चूल पेटते, त्यांना शुक्रवारच्या कटचं गणित समजावून सांगावं लागत नाही. अडचण असते ती मैदानाच्या फाटकाशी.

हे फाटक आता आपल्यापासून फार लांब नाही. पुण्यात आहे, चेंबूरला आहे, आणि आपल्या रायगड जिल्ह्यात खारघरला सिडकोचं मैदान आहे. पुण्याचा उदयन माने २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला. अर्जेंटिनाच्या एका खेळाडूनं माघार घेतली म्हणून त्याला जागा मिळाली, आणि तो तयार होता. त्याच ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचं पदक एका फटक्यानं हुकलं. ती चौथी आली, १९६० साली रोममध्ये मिल्खा सिंग आले होते तशीच. ते स्वतः हे पाहायला नव्हते. त्याआधीच, जून २०२१ मध्ये, ते गेले होते.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये जपानच्या हिदेकी मात्सुयामानं अमेरिकेतली मास्टर्स स्पर्धा जिंकली. जपानी पुरुषाला अशी मोठी स्पर्धा जिंकण्याचा मान पहिल्यांदाच मिळाला. खेळ संपल्यावर त्याच्या कॅडीनं झेंड्याची काठी परत खळग्यात लावली, टोपी काढली आणि रिकाम्या मैदानाकडे वळून कमरेत वाकला. विजेता खेळाडू होता, पण जमिनीचे आभार मानायचं पिशवी उचलणाऱ्याला सुचलं. आमच्या कारखान्यातला कारागीर रंगाचा ब्रश खाली ठेवून तयार मूर्तीला हात जोडतो, त्याच्या जवळचंच हे वागणं आहे.

म्हणून एक विनंती करतो. क्रीडापानाच्या तळाशी गोल्फचा निकाल दिसला तर पहिल्या नावावर थांबू नका. शेवटच्या नावापर्यंत जा. त्याच्याही खाली, न छापलेली, शुक्रवारी परत गेलेल्यांची नावं असतात. २००६ च्या आधीची सात वर्षं जीव मिल्खा सिंगचं नाव कधी यादीच्या तळाशी असायचं, तर कधी यादीतच नसायचं. हंगाम त्यांच्याही घामावर उभा असतो, आणि पुढच्या गुरुवारी ते पुन्हा येणार असतात.