प्रश्न नीट विचारावा
(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात एपीएमसी मार्केट, वाशी येथे दिलेले भाषण)



संगणकातील वह्या व त्यांना प्रश्न विचारण्याची रीत या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आयुष्य गेले ते मुलांना पाढे व शुद्धलेखन शिकविण्यात. या विषयावर मी अधिकाराने बोलू शकत नाही. परंतु ज्याच्या हातून चूक घडली त्यानेच ती चारचौघांत सांगावी, एवढ्याच न्यायाने मी उभा आहे.

आपण ज्या बाजारात जमलो आहोत तो नोंदीवर चालतो. कांदा-बटाटा, मसाला, धान्य, भाजी व फळे असे येथील पाचही बाजार घ्या; प्रत्येक गाळ्यावर आवक लिहिली जाते, वजन लिहिले जाते, शेतकऱ्याच्या हाती हिशोबपट्टी पडते. आपल्यापैकी पुष्कळांचे वडील मुंबईच्या दाणाबंदरात पाठीवर पोती वाहत होते. कै. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यामुळे १९६९ साली माथाडी कायदा झाला, आणि तोवर ज्याचे नाव कोठेच नव्हते त्या हमालाचे नाव मंडळाच्या नोंदवहीत आले. मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, भविष्यनिर्वाह निधी साचू लागला. नोंदीतील एका ओळीचे मोल काय असते, हे आपणांस मी सांगावयास नको.

आता पेढीवरील जुन्या दिवाणजींची पद्धत आठवा. दिवसाचा व्यवहार रोजकीर्दीत, प्रत्येकाचे खाते खतावणीत, आणि दोहोंना जोडणारा खातेपानाचा आकडा. रोजकीर्दीत आसामीचा सगळा पत्ता पुनःपुन्हा लिहीत नाहीत. पान क्रमांक लिहिला की काम भागते. संगणकातील संबंधनिष्ठ वह्या याच तत्त्वावर असतात. १९७० साली एडगर कॉड या आय.बी.एम. कंपनीतील गणितज्ञाने असे मांडले की, सर्व माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी, कोष्टके परस्परांशी क्रमांकांनी जोडावी, आणि विचारणाऱ्याला ती माहिती यंत्रात कोठे दडली आहे हे ठाऊक असण्याची गरज पडू नये. त्याने फक्त काय हवे ते सांगावे. १९७४ साली त्याच कंपनीतील चेंबरलिन व बॉइस यांनी त्यासाठी एक भाषा रचली. तिलाच आज एस.क्यू.एल. म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यात आपल्या संस्थेच्या तीन वह्या, म्हणजे सभासद-वही, वर्गणी-वही आणि शैक्षणिक साहाय्याची वही, आपल्या तरुणांनी पोस्टग्रेस नावाच्या विनामूल्य मिळणाऱ्या प्रणालीत उतरविल्या. कार्यालयातील पडद्यावर त्यांसाठी सुबक चौकटीही केल्या: येथे नाव भरा, येथे क्रमांक भरा. परंतु चौकटीत ठरलेलाच प्रश्न विचारता येतो. जे नाव वहीतून गळले आहे ते चौकटीत भरावयाचे तरी कसे?

म्हणून माझ्या मुलीच्या मुलाने मला दुसरी वाट दाखविली. काळ्या पडद्यावर पी-एस-क्यू-एल ही अक्षरे व पुढे वहीसंग्रहाचे नाव लिहावयाचे, की एक खूण उमटते आणि यंत्र आपल्या प्रश्नाची वाट पाहते. चित्र नाही, चौकट नाही. सिलेक्ट म्हणजे काय हवे, फ्रॉम म्हणजे कोणत्या वहीतून, व्हेअर म्हणजे कोणत्या अटीवर. हे शब्द अर्थात इंग्रजी लिपीत लिहावयाचे. शेवटी अर्धविराम द्यावाच लागतो. तो विसरल्यास पुढच्या ओळीवर खूण किंचित बदलते आणि यंत्र तुमचे वाक्य पुरे होण्याची वाट पाहत राहते. चाळीस मुलांच्या वर्गात विरामचिन्हांसाठी मी जेवढा आग्रह धरला, तेवढाच माझ्याकडून या यंत्राने धरला!

मी विचारलेला प्रश्न असा होता: वर्गणी भरली आहे, पण सभासद-वहीत नाव नाही, असे कोणी आहे काय? दोन वह्यांची साधी जोडणी केली तर जुळणाऱ्या ओळीच तेवढ्या दिसतात. न जुळणाऱ्या मुकाट्याने गळतात. म्हणून लेफ्ट जॉइन ही जोडणी वापरावयाची. तिचा अर्थ: वर्गणीची प्रत्येक ओळ दाखव आणि जेथे सभासद सापडणार नाही तेथील जागा रिकामी ठेव. त्या रिकाम्या जागेला नल म्हणतात. मी अट लिहिली, “सभासद बरोबर नल”. उत्तर आले, शून्य ओळी. मला समाधान वाटले. वही चोख आहे असे मी चिटणीसांना सांगूनही टाकले.

सायंकाळी नातू म्हणाला, “आजोबा, प्रश्नच चुकला.” नल म्हणजे शून्य नव्हे, कोरा कागदही नव्हे, नल म्हणजे ठाऊक नाही. जे ठाऊक नाही ते अमुक एकाबरोबर आहे काय, असे विचारल्यास होय असेही उत्तर नाही आणि नाही असेही नाही. यंत्र तर निश्चित होकार असलेल्या ओळीच दाखविते. तेथे “बरोबर” हे चिन्ह चालत नाही. “इज नल” असेच लिहावे लागते. मी ते दोन शब्द दुरुस्त केले. पडद्यावर सात क्रमांक उभे राहिले.

पावतीपुस्तकाशी ताडून पाहता सातही क्रमांक दिवंगत सभासदांचे निघाले. त्यांची नावे मीच लाल शाईने खोडली होती. त्यांच्या पत्नींची नावे नव्या पानावर लिहावयाची, ती लिहिली नव्हती. वर्गणी मात्र जुन्याच क्रमांकावर दरवर्षी स्वीकारली. त्यांपैकी एका भगिनीच्या मुलीने दोन वर्षांपूर्वी बारावीनंतर साहाय्यासाठी अर्ज केला होता. मी वही पाहिली, नाव आढळले नाही, आणि “सभासद नाही” असा शेरा मारून अर्ज परत केला. ती मुलगी महाविद्यालयात न जाता एका दुकानात हिशेब लिहू लागली.

चिटणीसांसह मी कोपरखैरण्यास त्यांच्या घरी गेलो. त्या माउलीने राग धरला नाही. कपाटातून पावत्यांची चळत काढली आणि म्हणाली, “गुरुजी, सही तर तुमचीच आहे.” मजजवळ उत्तर नव्हते.

कार्यकारी मंडळाने साहाय्य मंजूर केले आहे व ती मुलगी यंदा पुन्हा शिकू लागली आहे. उरलेल्या सहा घरांशीही संपर्क झाला. आता वर्गणीतील प्रत्येक क्रमांक सभासद-वहीत असलाच पाहिजे असा निर्बंध घातला असून, नसलेला क्रमांक लिहू गेल्यास यंत्रच नकार देते. दुरुस्ती करतानाही आम्ही आधी बिगिन हा शब्द लिहितो, किती ओळी बदलल्या तो आकडा वाचतो, तो अपेक्षेइतका असला तरच कमिट म्हणतो. नसला तर रोलबॅक म्हणून पूर्वस्थितीवर येतो. व्हेअरची अट विसरून मी एकदा साऱ्या सभासदांचे गाव एकच करून ठेवले होते. त्या आकड्यामुळेच सावध झालो.

बंधुभगिनींनो, यंत्र खोटे बोलत नाही, परंतु चुकीच्या प्रश्नालाही ते तितक्याच शांतपणे उत्तर देते. उत्तर मनाजोगते आले की आपण प्रश्न तपासत नाही. माझे तेच झाले. माझ्या दोन सूचना आहेत. प्रत्येक वार्षिक सभेपूर्वी हा प्रश्न दोघांनी स्वतंत्रपणे विचारावा व उत्तर सभेपुढे वाचून दाखवावे. आणि आज घरी जाण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने, विशेषतः ज्या घरातील कर्ता पुरुष गेला आहे त्यांनी, दाराशी मांडलेल्या मेजावर आपली नोंद पाहून जावी. मी तेथे बसलेला असेन.